तुम्ही फक्त बारकडे बघायचात

‘हीच ती. भाऊंच्या हाताखाली इतके सरळ झाले, ही एकटीच वाकडी राहिली.’

तुमच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, माझ्या मागच्या सतरंजीवर बसलेला एकजण शेजारच्याला सांगत होता. आवाज दबका होता, पण मला दबके आवाजच जास्त ऐकू येतात.

‘कोण, ती उंच?’

‘हो. वजनाचा बार घेऊन खाली गेली की देवाला नमस्कार घातल्यासारखी वाकते. भाऊ थकले सांगून.’

मग दोघं हळूच हसले, आणि समोर तुमचा फोटो आहे हे आठवून गप्प झाले. मी वळून बघितलं नाही. आपल्या मराठी लोकांत बेसणं नसतं असं काकू सकाळपासून म्हणत होत्या, पण बडोद्यात जन्म काढल्यावर ते कुणाला चुकतं? पांढरे कपडे, सुखडाचा म्हणजे चंदनाचा हार, जरा वेळ बसायचं, हात जोडून उठायचं. मी बसले ती उठलेच नाही. मला तुमच्याशी भांडायचं होतं, भाऊ, आणि तुम्ही हार घालून बसला होतात.

चपला घालताना हितेशभाई जवळ आले. व्यायामशाळेचं कुलूप आता त्यांच्याकडे आहे. म्हणाले, ‘हे बघ बेन, मुलींची बॅच सोमवारपासून तू संभाळ. तूच सगळ्यांत जुनी. पण भाऊंच्या रीतीनेच हां. काही फेरफार नको.’

मी मान हलवली. मी मान हलवली की सगळे ‘हो’ धरून चालतात. तुम्हीसुद्धा तेच करायचात.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. जी रीत माझ्या शरीराला कधी लागू पडली नाही, ती मी चार मुलींना शिकवायची, आणि तुमच्या नावानं शिकवायची. ती चुकीची आहे असं म्हणावं, तर तुम्हाला जाऊन आठवडाही झालेला नाही. बरोबर आहे म्हणावं, तर त्यांच्यातली ऋतुजा माझ्यापेक्षाही उंच आहे. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधून येते, अजून नवीन आहे, आणि परवा तिनं मला विचारलं, ‘ताई, माझीच कंबर दुखते की सगळ्यांची दुखते?’

तुम्हाला आठवतं का, मुलींच्या बाजूला तुम्ही फरशीवर त्या दोन पांढऱ्या रेघा मारल्या होत्या? ऑइल पेंटनं, पट्टी लावून, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मारायचात तशा. पाय रेघेवर, बोटं समोर, पाठ ताठ, मग खाली. सगळ्यांनी तसंच. मी पहिल्या दिवशी उभी राहिले तेव्हाच मला कळलं की या रेघा माझ्यासाठी नाहीत. खांद्यावर रिकामा बार होता, तरी अर्ध्यात गेले की टाचा उचलल्या जायच्या. टाचा दाबून धरल्या की मागे पडल्यासारखं व्हायचं. मागे पडू नये म्हणून छाती पुढे घेतली की तुमचा आवाज यायचा, ‘वाकू नको.’

हे असं का होतं ते मी घरी बसून शोधून काढलं. इंग्रजी व्हिडिओ बघितले, आरशाला बाजू करून उभी राहिले. गोष्ट सोपी आहे. वजन खाली जाताना आणि वर येताना बार पावलाच्या मध्यावर राहायला हवा, नाहीतर माणूस कलंडतो. ज्याची मांडी आखूड आणि धड लांब, तो ताठ बसू शकतो, कारण त्याचं बूड फार मागे जात नाही. माझी मांडी लांब आहे आणि धड आखूड. खाली बसले की माझं बूड पार मागे जातं, आणि तेवढीच छाती पुढे आणली नाही तर मी आडवी होणार. तो आळस नव्हता, भाऊ. तो तोल होता. ते वाकणं कमी करायचे उपायही आहेत. पाय रुंद ठेवायचे, बोटं बाहेर वळवायची, म्हणजे मांडी समोर कमी आणि बाजूला जास्त जाते. टाचेखाली पातळ काहीतरी ठेवायचं, म्हणजे गुडघा पुढे जाऊ शकतो. आणि एवढं करून जे वाकणं उरेल, ते त्या माणसाचंच आहे असं समजून सोडून द्यायचं.

हे मी आज किती सहज लिहिलं. तुमच्यासमोर यातला एक शब्द निघाला नाही.

माझ्या शाळेत शरीराचे सगळे भाग इंग्रजीत होते. फीमर म्हणताना मला काहीच वाटत नाही. ते एका सांगाड्याचं हाड आहे, वर्गाच्या कोपऱ्यात लटकणारं. ‘मांडी’ म्हटलं की ती माझी होते. आणि तुम्हाला फीमर सांगून उपयोग नव्हता. गोरव्याहून ऑफिस सुटल्यावर स्कूटरवर मी वाक्य पाठ करत यायची. हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणायची, ‘भाऊ, माझी मांडी लांब आहे, मला पाय रुंद ठेवू द्या.’ काळ्या घोड्याच्या चौकापर्यंत ते वाक्य छान जमायचं. तुमच्यासमोर आले की तोंडातून निघायचं, ‘भाऊ, जरा बॅलन्स जातो.’

आणि तुम्ही म्हणायचात, ‘बॅलन्स येतो सवयीनं. रेघ सोडू नको.’

मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगू? रेघा फक्त आमच्या बाजूला होत्या. मुलांच्या बाजूची फरशी कोरी. मी पाणी प्यायच्या निमित्तानं माठाजवळ उभी राहून बघायची. तिथे तुम्ही वेगळेच असायचात. कुणी उंच मुलगा बार घेऊन वाकला की तुम्ही त्याच्या मांडीवर थाप मारायचात. ‘अरे शहामृगा, ही मांडी आहे की विजेचा खांब? पाय फाकव. अजून. बोटं बाहेर. हां, आता बस. वाकतोस तेवढा वाक, तुला माफ.’ एखादा बुटका आला की, ‘तू बेडूक. तुला काय, तू कसाही बसशील. पाय जवळ घे.’ एकाचे घोटे आखडलेले होते, तर तुम्ही स्वतः वजनाच्या दोन पातळ प्लेटा आणून त्याच्या टाचांखाली सरकवल्या होत्या. वर म्हणालात, ‘नवरदेवाला पाट दिलाय, आता तरी बस.’ सगळी पोरं हसली होती.

म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं. एकेकाचं शरीर बघून, हात लावून, शिव्या देऊन तुम्ही त्याला त्याची बैठक शोधून देत होतात. आणि आमच्या बाजूला आलात की दोन रेघा.

मी धरून चालले की मुलींना शिकवणं तुम्ही मनावर घेत नाही. चार जणी येतात, येऊ देत, लग्न ठरलं की थांबतील, तोवर रेघेवर उभ्या राहतील. हे मी कधी कुणाला बोलले नाही, पण रोज व्यायामशाळेत शिरताना मनात घेऊन शिरले.

आणि तुमची ती शिकवायची पद्धत. आमच्याकडे तोंड करून तुम्ही कधी उभेच राहिला नाहीत. बाजूला उभं राहायचं, नजर बारच्या टोकाला असलेल्या प्लेटवर. प्लेट सरळ खाली गेली, सरळ वर आली, की ‘बरोबर’. पुढे सरकली की ‘चुकलं’. खाली माणूस आहे की नुसता खांब, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसल्यासारखं. मला नंतर कळलं की बार सरळ जातो का एवढं बघूनसुद्धा पुष्कळ कळतं. चांगले शिकवणारे तेही बघतात. पण प्लेट पुढे का सरकली, ते प्लेटवर लिहिलेलं नसतं.

एकदाच मी वाद घातला. वाद म्हणजे माझ्या मापाचा. तुम्ही नेहमीचं बोलत होतात, की वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, चाकं रुळाच्या मापानं करतात, रूळ चाकाच्या मापानं नाही. मी बार रॅकवर ठेवता ठेवता म्हटलं, ‘पण भाऊ, डभोईची लाइन बदलली ना. नॅरो गेजची ब्रॉड गेज केलीच की.’

मला वाटलं, आता ऐकणार. तर म्हणालात, ‘ती सरकारनं बदलली. तू सरकार आहेस का?’

सगळ्या हसल्या. मीही हसले. स्कूटरवर मात्र घरापर्यंत मी तुम्हाला चांगली चांगली उत्तरं देत गेले. माझी सगळी उत्तरं हेल्मेटच्या आतच झाली, भाऊ.

तुमचं ऋण नाकारत नाही. आईनं मला जिमला जाऊ दिलं नसतं. तिनं दोन-तीन ठिकाणं बघितली होती, आरसे, गाणी, तंग कपड्यातले ट्रेनर, आणि प्रत्येक ठिकाणाहून ओठ मिटून बाहेर पडली होती. तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही फरशी पुसत होतात. तिच्याशी बोलताना तुम्ही मान वर केली नाही. ती घरी येऊन बाबांना म्हणाली, ‘तिथे पाठवू. तो माणूस मान वर करून बघतही नाही.’ आमच्या वेळेला मुलांना शर्ट घालायला लावायचात, त्यांच्या तोंडातली घाण बोली बंद असायची, आणि कुणी आमच्याकडे वळून बघितलं तर त्याला शंभर बैठका. खांद्यावर वजन घेऊन उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मला तुमच्यामुळे कळलं. ऑफिसात चार लोकांत तोंड उघडताना माझे पाय लटपटतात. बारखाली कधी लटपटले नाहीत.

म्हणूनच इतकी वर्षं टिकले. चुकीची बैठक मारत टिकले.

आणि मग तो दिवस. तुम्ही मुलांच्या बाजूला होतात, पाठमोरे. बारवर नेहमीचं वजन होतं. मी रेघेवरून पाय काढले. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, बोटं बाहेर. खाली गेले. छाती पुढे आली, येऊ दिली. टाचा फरशीला चिकटून राहिल्या. वर आले, आणि कमरेत नेहमी येणारी ती कळ आली नाही. एवढंच. पुन्हा गेले, पुन्हा आले. मला हसू येत होतं. बार रॅकवर ठेवून वळले, तर तुम्ही बघत होतात. प्लेटकडे नाही. माझ्या पायांकडे, रेघेबाहेरच्या.

मला वाटलं, आता ओरडाल. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मान खाली घातलीत आणि निघून गेलात. त्यानंतर आमच्या बाजूला फिरकलाच नाहीत. मुलांच्या बाजूनं आवाज द्यायचात, ‘मुलींनो, झालं का?’ एवढंच. मी पुन्हा रेघेवर उभी राहायला लागले, तुम्ही दुखावलात म्हणून. तरी तुम्ही आला नाहीत. मग हितेशभाईंचा फोन आला, तुम्ही गेलात म्हणून.

काल काकूंकडे गेले होते. तुम्ही गेल्यापासून त्यांना एकटं बसवत नाही म्हणून कुणी ना कुणी जातं. त्या मेथी निवडत होत्या. मीही थोडी समोर ओढून घेतली. मग त्या आपणहून म्हणाल्या, ‘तुझं फार मनाला लागलं होतं त्यांच्या.’

मी म्हटलं, ‘माहीत आहे. मी रेघ सोडली म्हणून.’

‘छे गं. रेघेचं काय. इथं, या कपाटाच्या आरशासमोर, झाडूचा दांडा खांद्यावर घेऊन बसत होते. पाय हे एवढे दूर दूर ठेवून. मी म्हटलं, या वयात कंबर मोडून घ्याल. तर म्हणाले, ती पोरगी असंच बसणार, तिची मांडी लांब आहे, मी किती वर्षं तिला उगाच ताठ करतोय.’

मी हातातली काडी खाली ठेवली.

‘मग सांगितलं का नाही मला?’

‘मी तेच म्हटलं. सांगून टाका. तर म्हणे, मुलीच्या जातीला कसं सांगू, तुझी मांडी लांब आहे म्हणून? मी म्हटलं, बरं, मी सांगते. तर माझ्यावरच चिडले. तू सांगितलंस तर तिला वाटेल हा म्हातारा बघतो. पुन्हा पाय ठेवणार नाही ती.’ काकूंनी मेथीची पानं ताटात झटकली. ‘म्हणून तर त्या रेघा मारल्या होत्या बाई. मुली येणार म्हटल्यावर रात्रभर झोप नाही यांना. कुणाला हात लावायला नको, कुणाकडे बघायला नको, रेघ आखली की झालं.’

मला यानं बरं वाटायला हवं होतं. काकूंनाही तसंच वाटलं असणार, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पण मला राग आला, भाऊ. घरी जाताना मी सिग्नल तोडला, इतका राग आला. मुलांच्या मांडीवर थाप मारून बोलायला तुम्हाला तोंड होतं. माझ्यासाठी तुमच्याकडे झाडूचा दांडा आणि बंद दार होतं. कपाटाच्या आरशाला सांगितलंत. काकूंना सांगितलंत. मला सोडून घरातल्या सगळ्या सामानाला सांगितलंत.

तुम्ही बघता असं मला वाटेल, ही तुमची भीती. पण मी त्यासाठीच येत होते ना. शिकवणाऱ्यानं बघायचं असतं. कुणीतरी नीट बघून सांगावं, की बाई, तू अशी आहेस, तुझं असं बसणं बरोबर आहे. रस्त्यावर बघणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या बघण्यातला आणि तुमच्या बघण्यातला फरक मला कळला नसता, असं कसं धरलंत तुम्ही? ज्या मान खाली घालण्यामुळे आईनं मला तुमच्याकडे पाठवलं, त्याच मान खाली घालण्यामुळे मी तुमच्याकडून शिकले नाही. यात कुणावर चिडायचं तेही कळत नाही. तुमच्या चांगुलपणावर चिडता येत नाही आणि त्याशिवाय दुसरं काही समोर दिसत नाही.

आणि मी. मी हेल्मेटमध्ये बोलत होते, तुम्ही आरशासमोर बसत होतात. एकाच शब्दाला घाबरून आपण दोघं एकाच फरशीच्या दोन टोकांना उभे होतो. एकानं जरी उच्चारला असता तर दुसऱ्यानं हुश्श केलं असतं. तुमची बाजू आता मला बदलता येणार नाही. याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

आज सोमवार होता. व्यायामशाळा उघडली तेव्हा आत नव्या पेंटचा वास. हितेशभाईंनी रेघा पुन्हा रंगवून घेतल्या होत्या, चांगल्या जाड. भिंतीवर तुमचा फोटो. ‘भाऊंची निशाणी,’ ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते, म्हणून मी फक्त फोटोला हात जोडले. मुलं आज त्यांच्या बाजूला आवाज न करता प्लेटा चढवत होती.

ऋतुजाची पाळी आली. ती रेघेवर उभी राहिली, बोटं समोर, छाती वर, जशी आम्ही सगळ्या राहतो. बार घेतला. अर्ध्यात गेली आणि टाचा उचलल्या गेल्या. घाबरून तिनं टाचा टेकवल्या, तर धड पुढे कोसळायला आलं. कशीबशी वर आली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती. चूक तिचीच आहे असं तिला वाटत होतं. ते तोंड मला चांगलं ओळखीचं आहे.

हितेशभाई दारातूनच म्हणाले, ‘ऋतुजा, पाठ ताठ. भाऊ काय म्हणायचे? रेघ सोडू नको.’

मी आधी प्लेटकडे बघितलं, सवयीनं. मग मान फिरवून तिच्याकडे बघितलं. टाचा, गुडघे, मांड्या, कंबर, सगळं. तिला ते कळलं आणि ती जरा आक्रसली. हितेशभाई दारात होते, मुलांनी प्लेटा चढवणं थांबवलं होतं, आणि माझे कान इतके तापले होते की बोलावं लागणार हे मला बोलायच्या आधीच कळलं. इंग्रजीत बोलले असते तर सोपं गेलं असतं. मी मराठीत बोलले, आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

‘ऋतुजा, तुझी मांडी लांब आहे. पाय फाकव, बोटं बाहेर काढ, आणि पुढे वाकावं लागलं तर वाक. घाबरू नको, मी बघतेय.’